छत्तीसच्या मापाचा व्हिडिओ

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर आर्णी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. विषय कर्जफेडीचा होता, पण बायकांचं बोलणं सारखं एका बिघडलेल्या ब्लाऊजकडे वळत होतं. गटातली एक बाई, वय तिशीच्या आसपास, मोबाईलवर व्हिडिओ बघून शिवण शिकली होती. क्लास तालुक्याच्या गावाला, परतीची एसटी संध्याकाळची, आणि घरी लहान मूल. तेव्हा क्लासचा प्रश्नच नव्हता. जावेकडचं जुनं पायमशीन आणलं, नवऱ्याचा फोन रात्री जेवणं झाल्यावर मागून घ्यायचा आणि शिकायचं. चार महिन्यांत तिनं गावातल्या पाच-सहा जणींचे ब्लाऊज शिवून दिले. दिवाळीच्या आधी हातात थोडे पैसे येणार म्हणून खुशीत होती.

मग एक अंगानं भरलेली बाई कापड घेऊन आली. छातीचं माप ४०. व्हिडिओतल्या बाईनं कापून दाखवलं होतं ते ३६. हिनं विचार केला, सगळीकडे थोडं थोडं वाढवून घेऊ. छाती वाढवली तशी खांदाही वाढवला, गळाही वाढवला. ब्लाऊज घातला तर खांद्यावरून घसरतो आणि मुंढ्यात काचतो! कापडाचे पैसे भरून द्यावे लागले, आणि गावात बोलबाला झाला तो वेगळाच.

"ताई, व्हिडिओत त सारं दिसते," ती मला म्हणाली. "पण थे बाई तेवढंच काहून घेते, थे नाही सांगत."

हे वाक्य मी डायरीत लिहून घेतलं. सध्या जिथे जावं तिथे प्रशिक्षणाबद्दल एकच गोष्ट ऐकू येते. बायकांना आता वाचायला द्यायची गरज नाही, त्यांना व्हिडिओ आवडतात, व्हिडिओ पाठवा, काम झालं. अहवालात आकडाही चांगला दिसतो. अमुक इतक्या महिलांपर्यंत व्हिडिओ पोचला. पोचला म्हणजे काय झालं, हे विचारायला कुणी येत नाही. आपल्या संघटनांमध्येही हे बोलणं आता रुळलं आहे, म्हणून हा लेख.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. मी नागपूरला एम. एस. डब्ल्यू. केलं. दोन वर्षं छापील कागदातच गेली, त्यामुळे कागदावर माझा भारी विश्वास. कामाला लागल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत आम्ही बियाणं साठवण्यावर एक पुस्तिका काढली. ३२ पानं, सुंदर मुखपृष्ठ. गावोगाव वाटली. वर्षभरानं एका घरी गेले तर ती पुस्तिका लोणच्याच्या बरणीखाली, तेल टिपायला. मला राग आला होता. आज वाटतं, राग यायचा तर माझाच यायला हवा होता. "साठवणुकीदरम्यान आर्द्रतेचे प्रमाण नियंत्रित ठेवावे" असं आम्ही लिहिलं होतं. बियाणं दाताखाली कडकन फुटलं पाहिजे, ही गोष्ट त्या घरातल्या म्हातारीला आमच्या आधीपासून ठाऊक होती.

तेव्हा व्हिडिओला नावं ठेवायला मी बसलेले नाही. त्या बैठकीत आम्ही एक प्रयोग केला. माझ्याकडे शिवणकलेची एक पुस्तिका होती. गळ्याला तिरपी पट्टी लावण्याबद्दलचं पान मी मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं. मला कळलं नाही, शाळेत शिकवणाऱ्या एका सुनेला कळलं नाही, बाकीच्या तर हसायलाच लागल्या. मग फोनवर तेच बघितलं. पट्टी कशी धरायची, कुठे ताणायची, कुठे सैल सोडायची, हे मिनिटभरात सगळ्यांच्या डोळ्यांत उतरलं. हाताची कला हातानंच शिकवावी लागते. आपल्या आया-आज्यांनी पापड, शेवया, गोधडी हे सगळं शेजारी बसून, बघून घेतलं. व्हिडिओ त्याच शिकण्याचा एक प्रकार आहे आणि बायकांना तो जवळचा वाटतो तो त्यामुळे. त्यात आळस कुठे आला?

पण मापाची गोष्ट निराळी. छातीच्या मापाचा चौथा भाग घ्यायचा आणि शिलाईसाठी माया सोडायची. ३६ चे ९, ४० चे १०. खांदा आणि गळा मात्र त्या हिशोबानं वाढत नाहीत. हा नियम आहे आणि नियम कागदावर मांडला की एका नजरेत दिसतो. व्हिडिओत तो असतोही, पण शिकवणारी तो बोलून जाते, आणि आपलं लक्ष तिच्या कात्रीकडे असतं. पुढे प्रत्यक्ष कापायला बसल्यावर एक हात खडूत, एक हात टेपवर, आणि पाहिजे असतो फक्त एक आकडा. तो चौदा मिनिटांच्या व्हिडिओत कुठे आहे? पुढे ढकला, मागे ढकला, मध्ये जाहिरात, तोवर रेंज गेली. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाला रेंज लागत नाही.

स्वयंपाकाचंच घ्या ना. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि मराठी घराघरात गेलं. नव्यानं संसार मांडलेल्या, आईपासून लांब गेलेल्या कितीतरी मुली त्यावर शिकल्या. ते चाललं याचं कारण मला असं वाटतं, की मापं वाटी-चमच्यांत होती. बाईच्या हातात जी वस्तू आहे त्या वस्तूत. चार माणसांचं सहा माणसांना करायचं तर वाटीचा हिशोब करता येतो. आता त्याच मुलींच्या मुली फोनवर बघून स्वयंपाक करतात. फोडणीचा रंग फोनवर चांगला कळतो, प्रमाण वहीत चांगलं राहतं. माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात दोन्ही आहेत, फोन डब्याला टेकवलेला आणि शेजारी तेलकट वही. शिकलेली, पगार असलेली बाई दोन्ही वापरते. मग गावातल्या बाईच्या वाट्याला एकच का?

इथे 'आवड' हा शब्द तपासून बघायला हवा. बायकांना व्हिडिओ आवडतात, असं म्हणणं म्हणजे बायकांना शेवटी जेवायला आवडतं असं म्हणण्यासारखं आहे. चौथी-सातवीत शाळा सुटलेली बाई अक्षर लावून वाचते. दिवसभर निंदण करून, पाणी भरून, भाकरी थापून झाल्यावर रात्री दहाला ती जोडाक्षरं लावत बसेल का? तिला वाचता येत नाही असं नाही. वाचायला लागणारी फुरसत, उजेड आणि सराव तिच्याकडे उरलेला नाही. तीच गत पुढच्या पिढीची होऊ घातली आहे. 'असर'च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे २५ टक्क्यांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सरळ वाचता आला नाही. ही मुलं उद्या काय 'निवडणार'?

आणि फोन तरी कुणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, स्वतः वापरत असलेला मोबाईल आहे असं सांगणाऱ्या स्त्रिया देशात ५४ टक्के होत्या. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. 'असर'च्या त्याच पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी जवळपास ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २० टक्क्यांकडे. म्हणजे आमची शिवण शिकणारी बाई जेव्हा व्हिडिओ 'निवडते' तेव्हा ती नवऱ्याच्या वेळातला अर्धा तास मागून घेते. त्याचा दिवसाचा डेटा क्रिकेटमध्ये संपला असेल तर त्या दिवशी शाळा बंद.

यापुढचं मला जास्त टोचतं. दोन वर्षांपूर्वी एक बाई आमच्याकडे आली. गाव सांगत नाही. नवरा मारायचा. कुणीतरी तिला सांगितलं होतं की २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात घरात राहण्याचा हक्क मागता येतो. तिनं नवऱ्याच्याच फोनवर, तो वावरात असताना, त्याबद्दलचा व्हिडिओ बघितला. बघून झाल्यावर बंद केला आणि फोन जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं फोन उघडला तर एकाखाली एक तसलेच व्हिडिओ समोर. नवरा त्रास देत असेल तर काय करावं, तक्रार कुठे करावी. फोननं चुगली केली होती. त्या रात्री तिला जे सोसावं लागलं ते इथे लिहीत नाही.

ती आली तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता, आणि आमच्याकडचं साहित्य सगळं फोनवर! छापील पत्रकं संपली होती, पुन्हा छापली नव्हती, कारण 'आता कोण वाचतं'. मी एका कागदावर ठळक अक्षरांत हातानं लिहून दिलं. १८१ हा नंबर, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो हे, घरातून काढून टाकता येत नाही हे, आणि कुठली कागदपत्रं जपून ठेवायची ते. तिनं कागदाची घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवली. पुढच्या भेटीत म्हणाली, रोज एक ओळ वाचते, कुणी नसलं की. पाचवी शिकलेली बाई. महिनाभरात तिनं तो कागद पाठ केला.

आपल्या आधीच्या बायकांनी वाचनाचा एवढा ध्यास का घेतला, हे मला त्या दिवशी कळलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये छापलं गेलं, ते वाचून मी मोठी झाले. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत, घरातल्या बायकांचे टोमणे खात त्या कशा वाचायला शिकल्या, हे आहे. पण अक्षर ही एकटीनं, आवाज न करता, कुणाला न सांगता करायची गोष्ट आहे, आणि मार खाणाऱ्या बाईला त्या एकटेपणाचा किती आधार असतो, हे पुस्तकातून नाही कळलं. व्हिडिओला आवाज असतो. घरात सासू असते.

तिसरी गोष्ट फवारणीची. यवतमाळचं नाव २०१७ च्या पावसाळ्यात देशभर गाजलं ते कशानं, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारली जात होती, तोंडाला रुमालाशिवाय काही नाही. बातम्या पंप पाठीवर घेणाऱ्या पुरुषांच्या झाल्या. पाणी आणून ड्रममध्ये औषध ढवळणाऱ्या आणि संध्याकाळी ते कपडे हातानं धुणाऱ्या बायका होत्या, त्यांच्याबद्दल फार कुणी बोललं नाही.

तेव्हापासून काळजी घेण्याचे व्हिडिओ पुष्कळ निघाले. चांगले आहेत. हातमोजे कसे घालावेत, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नये, नोझल तोंडानं फुंकू नये, हे बघून कळतं. पण पंपाला किती मिली हे प्रत्येक बाटलीचं वेगळं असतं आणि ते त्या बाटलीवर लिहिलेलं असतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. एका घरात मी बघितलं, व्हिडिओत सांगितलेलं प्रमाण लक्षात ठेवलं होतं आणि दुकानदारानं दिलेली बाटली दुसऱ्याच औषधाची होती. छत्तीसच्या मापाचीच ही गोष्ट, फक्त इथे बिघडतो तो ब्लाऊज नसतो. अशा वेळी लेबल वाचता यायलाच हवं. आणि वाचता येईल असं छापायला लावणं हे सरकारचं आणि कंपन्यांचं काम आहे, बाईच्या अडाणीपणावर ते ढकलता येणार नाही.

या लेबलावर आणखी एक गोष्ट असते जिला ना वाचन लागतं ना व्हिडिओ. चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागातला रंग. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आम्ही बैठकीत रिकाम्या बाटल्यांचे फोटो दाखवून विचारतो. हिरवा म्हणजे 'झाडाले चांगलं' आणि लाल म्हणजे 'लाल अळीचं' असं उत्तर आलेलं आहे. बोंडअळीच्या जिल्ह्यात हे उत्तर चुकीचं असलं तरी येडपटपणाचं नाही. कुणी समजावलंच नाही तर बाई आपल्या समजुतीनं अर्थ लावणारच.

भाषेबद्दल थोडं. व्हिडिओ बोलतो म्हणून तो सगळ्यांना कळतो, असं आपण धरून चालतो. कुठल्या भाषेत बोलतो? केळापूर, झरी-जामणीकडच्या कोलाम पोडावर घरात कोलामी चालते, तांड्यावर गोरमाटी. शिवणाचे बरेचसे व्हिडिओ हिंदीत, नाहीतर पुण्या-मुंबईच्या मराठीत. "मुंढ्याला अर्धा इंच डीप घ्या" हे ऐकून कोलाम मुलगी हाताकडे बघते आणि शब्द सोडून देते. नेमकी मापंच त्या शब्दांत असतात.

मग आपण आपले व्हिडिओ का करू नयेत? हे काही नवं नाही. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेतल्या बायकांनी १९८४ साली व्हिडिओ कॅमेरा हातात घेतला. त्यांतल्या काही भाजी विकणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. तेव्हाचा कॅमेरा अवजड, महाग. तेलंगणातल्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी आपल्या बियाण्यांवर, शेतीवर स्वतः फिल्म केल्या. त्या बायका बघणाऱ्या नव्हत्या, दाखवणाऱ्या होत्या. आज प्रत्येक गटात कॅमेऱ्याचा एक तरी फोन आहे आणि आपण मात्र दुसऱ्यांचे व्हिडिओ पुढे ढकलतो आहोत. याची मला लाज वाटते, मीही ते करते.

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील, साक्षरतेच्या वर्गांचं आपण बघितलंच आहे. बायका येतात, सही शिकतात, वर्ग बंद पडतो. खरं आहे. नुसत्या अक्षरासाठी थकलेली बाई येत नाही, यायला सांगूही नये. पण आर्णीच्या त्या बाईला ४० च्या ब्लाऊजनं जे वाचायला लावलं, ते कुठल्याही मोहिमेनं लावलं नसतं. माझं म्हणणं एवढंच, की जो जो व्हिडिओ आपण पाठवू त्याच्याबरोबर एक पान जावं. मोठी अक्षरं, तिच्या बोलीतले शब्द, आकडे तक्त्यात. बैठकीत व्हिडिओ बघून झाला की ते पान सगळ्यांनी मिळून वाचावं, पंधरा-वीस मिनिटं. याला पैसा लागत नाही, झेरॉक्सचा लागेल तेवढाच. कायद्याची, हिंसेची माहिती मात्र आधी कागदावर आणि तोंडी. फोनवर द्यायची तर फोन कुणाचा हे विचारूनच. आणि गटाच्या कर्जाच्या कागदांचं काय? गेल्या वर्षी एका कंपनीचा माणूस बायकांना मोबाईलवर चकचकीत व्हिडिओ दाखवून गेला, कर्ज किती सोपं. विम्याचे पैसे आधीच कापून घेणार हे कागदावर होतं, व्हिडिओत नव्हतं. अशा कागदावर बोट ठेवून "हे काय हाय, वाचून दाखवा" म्हणणारी एक तरी बाई गटात असावी, एवढं आपल्याला करता आलं पाहिजे.

त्या ब्लाऊजवालीनं वही केली आहे. मी दिली नाही, तिनंच मुलीच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून दोऱ्यानं शिवली. वर आडव्या रकान्यांत ३२, ३४, ३६, ३८, ४०, ४२. खाली छाती, खांदा, मुंढा, गळा, बाही. 'मुंढा' तिनं 'मुडा' लिहिलं आहे, मी दुरुस्त केलं नाही. काही आकडे व्हिडिओ थांबवून थांबवून मिळवले, काही यवतमाळच्या एका टेलर बाईला फोन करून विचारले, दोन तिनं कापड बिघडवून शोधले. त्या पानाशेजारी तिनं मुंढ्याचा आकार पेन्सिलीनं काढला आहे, कारण तो लिहून सांगता येत नाही. गटातल्या आणखी दोघींनी वही उतरवून घेतली. एकीला लिहायला जड जातं, ती आकडे तेवढे लिहिते आणि शब्दांच्या जागी चित्र काढते.

४० चा ब्लाऊज तिनं दुसऱ्यांदा शिवून दिला, शिलाई न घेता. आता ४४ चा रकाना रिकामा आहे. गावात ते माप कुणाचं हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या काकू माप द्यायला तयार नाहीत. म्हणतात, वहीत लिवशील त साऱ्या गावाले दिसंल.